माझ्या मताची दुरुस्ती

२१ ऑक्टोबर, रविवार. वोब्रे

उद्या पॅरिसला निघायचं. बॅग बायकोने, ओर्तांसने, भरली. काय भरायचं ते मी सांगितलं.

सकाळी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर गाव थांबलं होतं. चार शब्द बोलावेच लागले. वरचं बीच झाडांचं जंगल तीनशे वर्षं आमचं. उभ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, पण खाली पडलेलं लाकूड गावाचं, असा रिवाज. मग सरकारच्या जंगलखात्याने पडलेली काटकीही सरकारची ठरवली. मी अकरा वर्षं खटला लढवला. तीन कोर्टांत तीनदा हरलो. हरलो ते कायद्यामुळे, वकिलामुळे नव्हे, असं मी तिन्ही वेळा गावाला समजावून सांगितलं, आणि गावाने ते मनापासून मानलं. म्हणूनच वसंतात त्यांनी मला पॅरिसच्या सभागृहावर निवडून दिलं. कायदा आड येतो ना, मग तो बदलूनच आणा, म्हणाले.

तिएनेतआजी पुढे आली. सत्तरी उलटली आहे. गेल्या हिवाळ्यात एका मोळीपायी तीन दिवस तुरुंगात होती. सगळ्यांसमोर म्हणाली, ‘‘वकीलसाहेब, तुरुंगात शेगडी होती हो. यंदा हक्क मिळत नसेल तर निदान मला जामिनावर सोडवू नका.’’ गाव हसलं. मीही हसलो. घरी येताना मात्र हसू येईना. त्या वेळी जामिनाचा अर्ज लिहायला मला दोन दिवस लागले होते. शाई गोठली होती.

संकल्प केले. रोज पहाटे मिस्सा. ओर्तांसला आठवड्यात दोन पत्रं. पंधरा दिवसांत सभागृहात भाषण. आणि गर्व करायचा नाही. गर्वाचं शेवटी लिहिलं, कारण तेवढं मला जड जाणार नाही.

२३ ऑक्टोबर, मंगळवार. पॅरिस

पहिला दिवस. एक मोकळी जागा पाहून बसलो. अर्धा तास एक वृद्ध गृहस्थ शेजारी नुसते उभे. मला वाटलं आदराने उभे आहेत. ती जागा त्यांची निघाली, एकोणीस वर्षांची. ‘‘माफ करा!’’ म्हणालो, ते जरा मोठ्याने गेलं. लघुलेखकांनी लिहून घेतलं. म्हणजे सभागृहाच्या दप्तरात माझा पहिला शब्द ‘माफ करा’. नम्रतेने सुरुवात झाली म्हणायची.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

खरी जागा मिळाली. शेजारी मेरिंदोल नावाचे गृहस्थ. दक्षिणेकडचे, गोल, आनंदी. त्यांच्यासमोर एक लाकडी पेटी असते, तिला अकरा खण. प्रत्येक खणात एकेका गैरहजर सभासदाच्या मतांच्या चिठ्ठ्या. नाव छापलेलं. पांढरी म्हणजे होय, निळी म्हणजे नाही. मतदानाची वेळ आली की शिपाई मतपेटी घेऊन बाकांमधून फिरतात, आणि मेरिंदोल पत्ते वाटावेत तशा अकराही जणांच्या चिठ्ठ्या आत सोडतात. मी विचारलं, हे नियमात बसतं का. म्हणाले, ‘‘अहो गोद्री, सभासदाला आजारी पडता येतं, जेवायला जाता येतं, एखाद्या वेळी मरताही येतं. पण गैरहजर राहता येत नाही. ते मी बघतो.’’ बारावा खण सुताराकडून करून घेऊ का, असंही विचारलं.

मी स्पष्ट सांगितलं, माझं मत माझ्याच हाताने पडेल. त्यांनी लिंबाच्या सालीची मिठाई पुढे केली. घेतली.

२९ ऑक्टोबर, सोमवार

मोठा दिवस. जंगलाच्या नव्या बिलात माझं एक कलम घालावं म्हणून अर्ज दिला. कलम एका ओळीचं: सरकारी जंगलाच्या हद्दीतल्या गावकऱ्यांना जमिनीवर पडलेलं लाकूड घरच्या चुलीसाठी नेता येईल. बारा सह्या मिळवल्या. त्यातल्या चौघांनी न वाचताच केल्या, ही विश्वासाची गोष्ट आहे.

कलम एका ओळीचं असलं तरी भाषण एकेचाळीस पानांचं होईल. पहिली बारा पानं झाडांवर.

१ नोव्हेंबर, गुरुवार. सर्व संतांचा सण

मिस्साला गेलो. मागचे सहा दिवस पहाटेचं धुकं फार होतं. आज दोन मिस्सा ऐकल्या, म्हणजे थोडं भरून निघालं.

चर्चमध्ये तिएनेतआजी आठवली. नीट प्रार्थना केली. मग प्रार्थनेतच, जंगलखात्याचा मंत्री झालो तर कचेरीत क्रूस कोणत्या भिंतीवर लावायचा, असा विचार आला. लाज वाटली. पूर्वेच्या भिंतीवर.

६ नोव्हेंबर, मंगळवार

आरशासमोर भाषणाचा सराव. ‘हे बीच वृक्षांनो!’ इथे आवाज चढवायचा आहे. घरमालकिणीने दार ठोठावलं. वर कोणी आजारी आहे का, म्हणाली. औषधी पाल्याचा काढा ठेवून गेली. प्यायलो. घशाला बरा.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

आवाज मोकळा व्हावा म्हणून साखरेच्या जकातीवर बोलायला नाव दिलं. साखरेवर माझं काही मत नाही, पण सराव होईल. व्यासपीठावर वक्त्यासाठी साखरपाण्याचा पेला ठेवलेला असतो. चढल्या चढल्या प्यायलो. तो आधीच्या वक्त्याचा उष्टा निघाला. हे सगळ्यांनी पाहिलं. ‘‘सभ्य गृहस्थहो,’’ म्हणालो. कुणीतरी ओरडलं, ‘‘मोठ्याने!’’ दुसरं कुणीतरी ओरडलं, ‘‘नको, नको, असंच!’’ दोन वाक्यं झाल्यावर खाली आलो.

संध्याकाळच्या पेपरात आलं: ‘श्री. गोद्री हेही बोलले.’ कात्रण ओर्तांसला पाठवलं. ‘हेही’ या शब्दात एक सातत्य आहे.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

सर्दी. सभागृहात कडाक्याचा वारा येतो. माझ्या चिठ्ठ्या एका दुपारपुरत्या मेरिंदोलना दिल्या. पुन्हा साखरच होती. साखरेत माझा विवेक गुंतलेला नाही.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

कालव्यांचं बिल. तेच.

१७ नोव्हेंबर, शनिवार

आता चिठ्ठ्यांचा सगळा गठ्ठाच त्यांच्याकडे ठेवला आहे. रोज ने-आण करताना कोपरे मळतात. बारावा खण त्यांनी आधीच करवून घेतला होता. त्यावर माझं नाव सुबक अक्षरात. माणूस प्रेमळ.

दुपारी चर्चमध्ये पापांची कबुली दिली. चिडचिड सांगितली, मंगळवारी खाल्लेले दोन डझन शिंपलेही सांगितले. चिठ्ठ्यांचं सांगितलं नाही. तो कामकाजाचा भाग झाला.

१९ नोव्हेंबर, सोमवार

गावच्या शाळेचे कास्ताँ मास्तर यांचं पत्र. तिकडे पाणी गोठलं. तिएनेतआजीने खिडकीच्या फळ्या जाळायला काढल्या. ‘मी म्हटलं आजी, वारा आत येईल, तर म्हणाली, येऊ दे, त्यालाही कुठेतरी जायला हवंच. आपलं मतदान कधी? गाव रोज विचारतं.’

लगेच कळवलं: गुरुवार, २९ नोव्हेंबर. पक्कं. पत्र टाकून आल्यावर खोलीत विस्तव पेटवला नाही. असंच बसलो. तासाभराने पेटवला, कारण सर्दीने आवाज बसला तर गावाचंच नुकसान.

२१ नोव्हेंबर, बुधवार

एक गोष्ट सुचली. भाषण झाल्यावर गाव माझा फोटो मागेल. तेव्हा धावपळ नको, आधीच काढून ठेवावा. मंगळवारी दुपारी दोनची वेळ घेतली. तेव्हा उजेड चांगला असतो. मंगळवारी सभागृहात कालवेच आहेत. उजवा हात कायद्याच्या पुस्तकावर, डावा जंगलाच्या दिशेने.

हा गर्व नव्हे. माझा फोटो गावच्या कचेरीत लागला तर लोकांना धीर येईल.

२७ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी साडेचार

फोटो झाला. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावतात. फोटोवाल्याने विचारलं, ‘‘साहेब, बघताय कुठे?’’ म्हटलं, ‘‘जंगलाकडे.’’ म्हणाला, ‘‘जंगल थोडं डावीकडे घ्या.’’ तीन काचांवर फोटो घेतले. दोन डझन प्रती सांगितल्या.

पत्रं आली असतील तर पाहावी म्हणून सभागृहाकडे चक्कर टाकतो.

तोच दिवस. संध्याकाळी सहा

काय झालं ते क्रमाने लिहितो.

जिन्यात मेरिंदोल भेटले. घाम पुसत म्हणाले, ‘‘आज झकास काम झालं. कालव्यांवर बोलणाऱ्याला ताप आला, म्हणून मंत्र्यांनी जंगलाचं बिल आजच घेतलं. सगळं आटोपलं, कलमाबिलमासकट.’’

मी विचारलं, कोणतं कलम.

‘‘ते पडलेल्या लाकडाचं. अध्यक्षांनी दोनदा नाव पुकारलं, मांडणाराच हजर नाही. तरी मतदान झालं. दोनशे सदतीस बाजूने, दोनशे अडतीस विरुद्ध. घासून गेलं बुवा!’’

मी विचारलं, माझं मत.

‘‘तुमचं? मंत्र्यांबरोबर. आपल्या सगळ्या बाकासारखं. निळी.’’

मी म्हणालो, ‘‘मेरिंदोल, कलम माझं होतं.’’

त्यांचा चेहरा पडला. खरोखर वाईट वाटलं त्यांना. म्हणाले, ‘‘अरे देवा. तरीच मला नाव ओळखीचं वाटत होतं.’’

२८ नोव्हेंबर, बुधवार

जेवलो नाही. दोनशे अडतीसमधून माझं एक वजा केलं तर दोनशे सदतीस. ते पलीकडे मिळवलं तर दोनशे अडतीस. सकाळपासून सात वेळा केलं. दर वेळी तेच येतं.

कारणं लिहून पाहिली. त्या वक्त्याचा ताप. मंत्र्यांची घाई. उजेड दुपारीच चांगला असतो ही निसर्गाची गोष्ट. चौथं कारण सुचलं नाही.

दुपारी मेरिंदोल खोलीवर आले, मिठाईचा अख्खा डबा घेऊन. म्हणाले, एवढं काय मनाला लावून घेता, उद्याच्या गॅझेटमध्ये दुरुस्ती छापून घ्या. इथे सगळे घेतात. आपलं नाव चुकीच्या रकान्यात गेलं की दुसऱ्या दिवशी जाहीर करायचं की आपल्याला दुसरं मत द्यायचं होतं. त्यांनी स्वतः चौदा वेळा केलं आहे, एकदा दोन्हीकडून.

मी विचारलं, त्याने निकाल बदलतो का.

लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. ‘‘निकाल कशाला बदलेल? रकाना बदलतो.’’

२९ नोव्हेंबर, गुरुवार

छापून आलं. उतरवून ठेवतो: ‘जंगलविषयक बिलातील पडलेल्या लाकडाच्या कलमावरील मतदानात श्री. गोद्री यांचे नाव विरुद्ध मत देणाऱ्यांत छापले गेले आहे. श्री. गोद्री जाहीर करतात की, त्यांचे मत बाजूने होते.’

पहिल्यांदा वाचलं तेव्हा कान तापले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा भाषा चांगली वाटली. चौथ्यांदा वाचताना असं वाटलं की मी तिथे होतोच, उभा होतो, आणि माझ्या हातात पांढरी चिठ्ठी होती. छापील अक्षराचं असं होतं.

गॅझेट गावच्या कचेरीत जातंच. तरी कास्ताँ मास्तरांना एक प्रत वेगळी पाठवली, सोबत पत्र. गॅझेटमध्ये आहे ते सगळं पत्रात लिहिलं. नाही ते लिहिलं नाही.

१ डिसेंबर, शनिवार

फोटो आले. हात चांगला आला आहे. एक कचेरीसाठी पाठवला.

२ डिसेंबर, रविवार

कबुलीला गेलो. ‘एका मताबाबत निष्काळजीपणा’ असं सांगितलं. जाळीआडून फादरांनी विचारलं, ‘‘त्यात नुकसान कोणाचं झालं, बाळा?’’ माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. मी म्हणालो, ‘‘दुरुस्त केलंय, फादर.’’ तीन प्रार्थनांचं प्रायश्चित्त दिलं. हलका होऊन बाहेर पडलो. पुलापर्यंत हलका होतो.

६ डिसेंबर, गुरुवार

ओर्तांसचं पत्र. घरचं सगळं ठीक. शेवटी एक ओळ: ‘त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?’

चार पानं उत्तर लिहिलं. सभागृहाच्या कामकाजाची पद्धत सविस्तर समजावली.

१० डिसेंबर, सोमवार. सकाळी अकरा

मास्तरांचं पत्र. जसंच्या तसं:

‘वकीलसाहेब, गावाने तुमच्या नावाचा जयजयकार केला. गॅझेट कचेरीच्या दारावर लावलं. आधी लोकांना कळेना, मग मी शाळेच्या फळ्यावर हिशेब करून दाखवला. तुमचं मत बाजूने, म्हणजे विरुद्धचे झाले दोनशे सदतीस आणि बाजूचे दोनशे अडतीस. कलम पास! काही म्हाताऱ्यांनी पुन्हा करायला लावलं, पुन्हा केलं. पॅरिसवाल्यांनी चुकवलेलं मत तुम्ही दोन दिवसांत हुडकून काढलंत, याला म्हणतात वकील. बुधवारी सगळे मिळून वर जाणार. पहिली मोळी तिएनेतआजीची. तुमचा फोटो गाडीच्या पुढे बांधणार आहोत.’

तारघरात जातो. बुधवारला अजून दोन दिवस आहेत.

तोच दिवस. दुपारी तीन

पहिला मजकूर: ‘जाऊ नका. दुरुस्तीने निकाल बदलत नाही.’ हे वाचून मास्तर विचारतील, मग छापलंत कशासाठी. फाडला. दुसरा: ‘कलम नापास. गोद्री.’ हा फार कोरडा. तिसऱ्यात खरं कारण लिहिलं. खिडकीतल्या बाई शब्द मोजत मोठ्याने वाचू लागल्या. ‘‘फो-टो,’’ म्हणाल्या. मागे रांग होती. तो परत मागून घेतला.

शेवटी पाठवली ती अशी: ‘घाई नको. सविस्तर पत्र पाठवतो.’

स्पष्ट आहे. समजणाऱ्याला समजेल.

११ डिसेंबर, मंगळवार

पत्राचं पहिलं पान झालं. प्रस्तावना.

१३ डिसेंबर, गुरुवार

ओर्तांसची तार: ‘एकोणीस जण पकडले. तिएनेतआजीही. या.’

पत्र तिसऱ्या पानावर होतं.

१५ डिसेंबर, शनिवार. वोब्रे

स्टेशनवर गाव आलं होतं. शिव्या ऐकायची तयारी करून उतरलो. कोणीच चिडलेलं नाही. ही गोष्ट माझ्या तयारीत नव्हती.

मास्तर म्हणाले, ‘‘तुमची तार मिळाली. सगळे म्हणाले, साहेबांना वाटतंय आपण येईपर्यंत थांबावं, मान मिळावा. पण आम्ही म्हटलं, साहेब आले की ढीग रचलेलाच दाखवू.’’ वर गेले तर फॉरेस्टगार्ड उभा. मास्तरांनी त्याला गॅझेट वाचून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि नावं लिहून घेतली. लाकूड जप्त. सगळ्यांना घरी सोडलं, कोर्टाची तारीख ८ जानेवारी.

तिएनेतआजी माझा हात धरून म्हणाली, ‘‘त्या गार्डाला कायदा माहीत नाही हो. पोरसवदा आहे बिचारा. तुम्ही जरा समजावून सांगा, ओरडू नका त्याच्यावर.’’

मी म्हणालो, ‘‘बघू.’’

घरी ओर्तांसने सूप वाढलं. मी स्वतःहून सगळं सांगितलं. म्हणजे तिने पुन्हा विचारल्यावर. तिने पळी खाली ठेवली. मग म्हणाली, ‘‘अहो, मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा.’’ मी म्हणालो, नाताळ होऊ दे. सणाचे दिवस, लोकांचा आनंद कशाला घालवायचा. ती म्हणाली, ‘‘लोकांचा?’’ आणि भांडी आवरायला गेली.

१७ डिसेंबर, सोमवार

सांगायचं म्हणून कचेरीत गेलो. दारावर गॅझेट, त्याच्या शेजारी माझा फोटो. दव पडून फोटोतला हात फुगला आहे. आत तिघे जण होते, उठून उभे राहिले. हवेविषयी बोललो.

२५ डिसेंबर, मंगळवार. नाताळ

तिएनेतआजीने माझ्या नावाने मेणबत्ती लावली. चरबीची होती, तिच्या घरात दिव्याला लागते तीच. मिस्साभर त्या मेणबत्तीकडे बघायचं नाही असं ठरवून वेदीकडे बघत बसलो. मेणबत्ती वेदीवरच होती.

३१ डिसेंबर, सोमवार

संकल्प: उद्या सांगायचं.

१ जानेवारी, मंगळवार

नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला दिवसभर लोक. एकेकट्याला सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगावं. रविवारी तीन राजांच्या सणाला कचेरीत सगळे जमतातच. तेव्हा.

६ जानेवारी, रविवार. तीन राजांचा सण

वाक्य पाठ करून गेलो: ‘मित्रहो, त्या दुपारी मी सभागृहात नव्हतो.’ सोपं वाक्य. बारा वेळा म्हणून पाहिलं.

केक कापला. उभा राहणार, तोच दाताखाली कडक लागलं. केकमधला पावटा माझ्याच तुकड्यात. आरडाओरडा झाला. ज्याला पावटा तो राजा. मास्तरांनी सोनेरी कागदाचा मुकुट माझ्या डोक्यावर चढवला. दर घोटाला सगळे ‘राजा पितोय!’ म्हणून ओरडत होते. तिएनेतआजी सर्वांत मोठ्याने.

डोक्यावर कागदाचा मुकुट असताना ते वाक्य उच्चारणं मला योग्य वाटेना. मुकुट काढला तर लोक परत घालत होते.

परत येताना ओर्तांस माझ्यापुढे चालत होती. एकदाही वळून बघितलं नाही.

७ जानेवारी, सोमवार

खटल्याचे कागद पाहिले. लाकूड नेलं हे उघड. कलम पास झालं नाही हेही उघड. बचाव एकच उरतो: या लोकांची खरोखर समजूत होती की हक्क मिळाला आहे. ते पटवायचं तर ती समजूत कुणी करून दिली ते सांगावं लागेल.

दुसरा बचाव शोधला. संध्याकाळपर्यंत शोधला. जुनी पुस्तकं काढली. ओर्तांसने दिवा आणून ठेवला आणि माझ्या खांद्यावर थोडा वेळ हात ठेवला.

सकाळी लवकर चर्चमध्ये जाणार.

८ जानेवारी, मंगळवार. दुपारी

गेलो होतो. धुकं होतं.

कोर्टात एकोणीस जण दोन बाकांवर. धुतलेले कपडे, लाकडी जोडे पुसून आलेले. न्यायाधीश तेच, ज्यांनी माझा पहिला दावा फेटाळला होता. मास्तरांची साक्ष झाली. त्यांनी खडू मागितला. न्यायाधीश म्हणाले, गरज नाही, हिशेब बरोबर आहे, आकडे चुकीचे आहेत. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता साहेब उत्तर देतील, अशा नजरेने.

न्यायाधीश माझ्याकडे वळले. म्हणाले, वकील महाशय, गॅझेटमधला मजकूर आपला आहे. आपलं मत बाजूने होतं, असं त्यात आपण म्हणता. मत पडलं तेव्हा आपण सभागृहात होतात का?

वकिलाला साक्षीला ओढता येत नाही. नियम मला माहीत आहे, वाक्यही तयार होतं. तिएनेतआजी पहिल्या बाकावर होती. मी अडखळलो तेव्हा तिने मान हलवून मला धीर दिला, बोला बोला म्हणून.

मी म्हणालो, नव्हतो.

कुठे होतात?

म्हणालो, फोटो काढून घेत होतो.

कारकून हसला. आमच्यातलं कोणी हसलं नाही. दुसऱ्या बाकावर कुणाचा तरी जोडा फरशीवर घासला, तेवढाच आवाज. मग मी सगळं सांगितलं. मेरिंदोलचा खण, निळी चिठ्ठी, तारेचे तीन मजकूर, केकचा पावटासुद्धा. न्यायाधीशांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, एवढं पुरे आहे.

निकाल लगेच दिला. आरोपींनी आपल्या प्रतिनिधीच्या छापील शब्दावर विश्वास ठेवला. असा विश्वास ठेवणं हा जंगल-कायद्याखाली गुन्हा नाही. एकोणीसही जण निर्दोष. जप्त लाकूड सरकारजमा. या जंगलाच्या बाबतीत मी जिंकलेला हा पहिला खटला.

बाहेर बर्फ भुरभुरत होतं. लोक माझ्या शेजारून गेले. कोणी वाईट बोललं नाही. टोप्या घातल्या, कॉलर वर केल्या, गाड्यांकडे गेले. कास्ताँ मास्तर ‘‘नमस्कार, महाशय,’’ म्हणाले. अकरा वर्षांत मला महाशय म्हणाले नव्हते.

तिएनेतआजी मागे राहिली. सावकाश जवळ आली. म्हणाली, ‘‘म्हणजे सुटलो ना आम्ही?’’

म्हटलं, हो आजी.

‘‘आणि लाकूड?’’

म्हटलं, ते सरकारचं. यापुढेही.

‘‘आणि त्या कागदात तुमचं मत आमच्या बाजूचं आहे, ते?’’

म्हटलं, त्याने काही होत नाही. आधीपासूनच होत नव्हतं.

तिने विचार केला. मग म्हणाली, ‘‘मग ते छापलंत कशाला?’’

टोमणा नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. तोंडाकडे बघत उभी राहिली, कोर्टाची भाषा समजली नाही की मला विचारायला यायची तशीच. डोक्यावरच्या रुमालावर बर्फ साठत होतं. खालून गाडीवान हाका मारत होता, आजी चला, घोडे गारठले. ती हलली नाही. उत्तर येईल म्हणून थांबली होती.